तेवीस नंबर

खारवेळच्या सड्यावर आता भोंगा वाजत नाही.
टर्बाइन भंगाराच्या ट्रकांतून गेलं, चार पावसाळ्यांपूर्वी.
समुद्राचं पाणी ओढणारा बोगदा बुजवला,
त्याच्या तोंडाशी पोरं गरी टाकून बसतात,
तांबोशी मिळते म्हणतात.
उरलीत छत्तीस पिंपं, काँक्रीटची, तीन पुरुष उंच,
आणि आम्ही सात माणसं, पाळीपाळीनं.

आत काय आहे ते भाटकरांच्या शेवंतीला एकदा सांगितलं होतं.
जळून झालेलं, पण न विझलेलं.
आधी दहा वर्षं पाण्यात ठेवलं,
मग पोलादी डब्यात घालून झाकणाला वेल्डिंग मारलं.
आता पंखा नाही, पंप नाही.
खालच्या जाळीतून वारा शिरतो,
डब्याला वळसा घालून तापतो, वरून निघून जातो.
ती म्हणाली, म्हणजे आगोटच की.
मी म्हटलं, हो, पण कधी न उघडायची.
बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली,
माझे फणसाचे पापड सादळलेत गं,
त्या वरच्या वाऱ्यावर चार टाकशील?

काम सोपं आहे.
सकाळी सहा, छातीवर बिल्ला, हातात वही.
खाली किती अंश, वर किती, वजा करून लिहायचं.
पहिल्या वर्षी सगळे बावीसच्या वर होते,
आता एकोणीस, साडेअठरा.
निवतायत. पण आपल्या हिशेबानं नाही.

खारा वारा काही सोडत नाही,
माझ्या स्कूटरचं मडगार्डसुद्धा.
म्हणून दर पाचव्या वर्षी माणसं येतात,
नळीला बांधलेला कॅमेरा आत सोडतात,
आणि तांदूळ निवडावेत तसे पडद्यावर वाकतात,
पोलादात कुठे खडा सापडतो का बघत.
धोक्याची पाटी तीन भाषांत आहे.
तीही खारवते, दोन वर्षांनी मी रंगवते.
पलीकडच्या कातळात कुणीतरी मासा कोरलाय
(मासा की माणूस, गावात एकमत नाही),
त्याला कुणी रंगवत नाही. तो आहे.
त्याचं म्हणणं तेवढं हरवलंय.

गेल्या गुरुवारी विघ्नेशचा फोन:
सोलकरबाई, तेवीसचा आकडा परत घ्या.
चोवीस.
परत घेतला. चोवीस.
गुडघ्यांवर बसून टॉर्च लावला.
जाळीच्या भोकांत माती.
कुंभारणीनं ऊब बघून घरं बांधली होती,
शेजारीशेजारी अकरा,
त्यांना अडकून काजूचा पाला
आणि कुणाच्या तरी छपरावरचा निळ्या प्लास्टिकचा तुकडा.
स्क्रू ड्रायव्हरनं खरवडताना एक कोठी फुटली.
आत पाचसहा कोळी. मेलेले नव्हते,
नुसते हलत नव्हते.
आणि मधे तांदळाएवढी अळी, जेवत.

आईनं भरून ठेवलं, तोंड लिंपलं, उडून गेली.
तिला पोर दिसणार नव्हतं, पोराला ती.
भूक लागेल, एवढं तिला ठाऊक होतं.

बसू नये इतका वेळ मी तिथं बसले.
आम्हीही तोंड लिंपूनच ठेवलंय,
ज्यांना कधी बघणार नाही त्यांच्यासाठी.
फक्त
आमचं जेवून झाल्यावरचं.

उरलेल्या दहा कोठ्या पत्र्याच्या तुकड्यावर घेतल्या.
बाहेर न्यायच्या आधी मीटर फिरवला, मीटर गप्प.
कुंपणापलीकडे करवंदीच्या बुडाशी ठेवल्या.
जगतील का, माहीत नाही.

दुपारी तेवीस एकोणीसवर आला.
वहीत कारण लिहिलं: अडथळा, माती, पाला.
खाली सही केली, जुलेखा सोलकर.
पानावर अजून चौदा ओळी कोऱ्या होत्या.
पान संपलं की दुसरं असतं,
वही संपली की दुसरी येते.
अजून तरी येते.